हौसेची जीप : टेप बसवताना, बंपर बदलताना

हदगाव तालुक्यात जीप चैनीची वस्तू म्हणून आली नाही. पैनगंगा आणि कयाधू यांच्या खोऱ्यातील काळी माती दोन चांगल्या सरींनंतर अशी फुगते, की मे महिन्यात ज्या पांदणीतून सायकल सहज जाते, तेथेच जुलैमध्ये बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुतते. तामसा, मनाठा, निवघा या बाजारगावांपासून आत असलेल्या वस्त्यांना एस. टी. दुर्मीळ होती, तेव्हा काळी-पिवळी जीप हाच दळणवळणाचा आधार होता. आठवड्याच्या बाजाराला, दवाखान्याला आणि वऱ्हाडालाही तीच. तिच्या मागच्या फळकुटावर उभे राहून प्रवास केलेली पिढी आज पन्नाशीत आहे.

त्याच पिढीची मुले आता थार, बोलेरो किंवा गुरखा घेऊ लागली आहेत. ज्यांना नवी गाडी परवडत नाही ते जुनी कमांडर किंवा एमएम ५४० शोधून आणतात आणि ती हौसेने उभी करतात. गाडी दारात आली, की बहुधा दोन गोष्टींना प्रथम हात लागतो. एक म्हणजे गाण्याची यंत्रणा आणि दुसरी म्हणजे पुढचा बंपर. ही कामे करायला नांदेडला जाण्याची गरज वाटत नाही. ट्रॉली आणि नांगर तयार करणारा वेल्डर गावात असतो, मोटारपंपाचा वायरमन असतो, आणि मोबाइलवर चित्रफिती पाहून स्वतः पाना हाती घेणारा तरुणही असतो. या कारागिरांचे कसब कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र शेतीची अवजारे आणि रस्त्यावर धावणारे वाहन यांत फरक आहे आणि तो फरक समजून घेतला नाही, तर हौसेची किंमत फार मोठी होऊ शकते.

या दोन्ही कामांतला अनुभव असा आहे, की डोळ्यांना दिसणारी वस्तू क्वचितच दगा देते. स्पीकर चांगला असतो, अॅम्प्लिफायर चांगला असतो, बंपरचा पत्राही जाड असतो. दगा देते ती न दिसणारी जोडणी. गाण्याच्या बाबतीत ती वायर असते आणि बंपरच्या बाबतीत तो बोल्ट असतो. खर्चाचा मोठा भाग दर्शनी वस्तूवर होतो आणि जोडणीसाठी दुकानात जे हाताशी असेल ते वापरले जाते. या लेखाचा रोख त्या जोडणीवर आहे.

वॅटचा भुलभुलय्या

गाण्याची यंत्रणा घेताना ग्राहक पहिला प्रश्न विचारतो तो वॅटचा. टेपच्या खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असे ठळक छापलेले असते. म्हणजे दोनशे वॅट झाले, असा हिशेब मनात होतो. आता त्याच टेपच्या मागील बाजूचा फ्यूज पाहावा. अनेक टेपच्या फ्यूजवर १० अँपिअर असे लिहिलेले असते. इंजिन चालू असताना गाडीतील विद्युत दाब सुमारे १३.८ व्होल्ट असतो. दहा अँपिअर गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे १३८ वॅट. आत जाणारी शक्तीच १३८ वॅट असेल, तर बाहेर सतत २०० वॅट कोठून येणार? त्या १३८ वॅटपैकीही बरीच शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. प्रत्यक्षात अशा टेपमधून प्रत्येक स्पीकरला सातत्याने मिळतात ते साधारण अठरा ते बावीस वॅट. छापलेला आकडा क्षणभराच्या कमाल उसळीचा असतो. खरेदी करताना ‘आरएमएस’ या शब्दापुढील आकडा पाहावा, बाकीचे आकडे खोक्याच्या शोभेसाठी असतात असे समजायला हरकत नाही.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. आपला कान वॅट मोजत नाही. शक्ती दुप्पट केली, तर आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो आणि तो फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज ‘दुप्पट मोठा’ वाटण्यासाठी शक्ती जवळजवळ दहापट करावी लागते. म्हणजे चाळीस वॅटची यंत्रणा काढून चारशे वॅटची बसवली, तर खर्च, वायर, बॅटरीवरचा ताण हे सारे वाढते आणि आवाज फक्त दुप्पट वाटतो. याउलट स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी नावाचा एक आकडा असतो, त्याकडे कोणी पाहत नाही. ८६ डेसिबलचा स्पीकर काढून ९२ डेसिबलचा लावला, तर सहा डेसिबलचा लाभ होतो. हा लाभ शक्ती चौपट केल्यासारखा आहे आणि तो एकाही जादा वॅटशिवाय मिळतो. ज्याला साध्या टेपवरच गाडीत स्वच्छ गाणे ऐकायचे आहे, त्याने सर्वप्रथम स्पीकर बदलावेत. निम्म्याहून अधिक लोकांची हौस तेथेच पूर्ण होईल, असे आमचे मत आहे.

मोटारपंपाचा धडा

तरीही ज्यांना अॅम्प्लिफायर बसवायचाच आहे, त्यांनी विहिरीवरच्या मोटारीची आठवण ठेवावी. खांबापासून विहीर लांब असेल आणि केबल बारीक असेल, तर मोटार गरम होते, पाणी कमी फेकते आणि एके दिवशी जळते, हे या भागातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. गाडीतही हाच नियम लागू आहे. उलट तेथे तो अधिक कठोर आहे, कारण २३० व्होल्टमधून एक व्होल्ट गळाला तर फारसे बिघडत नाही, पण बारा-तेरा व्होल्टमधून एक व्होल्ट गळणे ही मोठी तूट आहे.

हिशेब करून पाहू. चारशे वॅटच्या, सुमारे ६० टक्के कार्यक्षमतेच्या साध्या अॅम्प्लिफायरला पूर्ण जोरात सुमारे ४८ अँपिअर प्रवाह लागतो. बॅटरीपासून गाडीच्या मागील भागापर्यंत पाच मीटर तांब्याची वायर टाकली आणि ती घरगुती कामाची चार चौरस मिलिमीटरची असली, तर त्या वायरमध्येच एक व्होल्टहून थोडा अधिक दाब गळतो. एवढेच नव्हे, तर त्या वायरच्या लांबीभर सुमारे पन्नास वॅट उष्णता निर्माण होते. पायाखालच्या चटईखाली, रेक्झिनला चिकटून गेलेल्या वायरमध्ये जणू एक बल्ब पसरून ठेवलेला असतो. तीच वायर सोळा चौरस मिलिमीटरची घेतली, तर गळती पाव व्होल्टवर येते. वायर खऱ्या तांब्याची आहे का, हेही पाहावे. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर बाजारात स्वस्त मिळते आणि जाडीला तांब्यासारखीच दिसते. टोकाला चाकूने खरवडले, की आतील पांढरा धातू उघडा पडतो.

घरातील वायरिंगला वापरतात ती एकाच जाड तारेची वायर गाडीत मुळीच वापरू नये. पांदणीतल्या हिसक्यांनी ती आतल्या आत तुटते. बारीक तारांच्या जुडग्याची, लवचीक वायर घ्यावी. टोके पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळण्याची आपल्याकडील सवयही सोडावी. उन्हाळ्यात बंद गाडीत चिकटपट्टीचा डिंक वितळतो आणि पावसाळ्यात उघड्या तांब्यावर हिरवे जंग चढते. योग्य मापाची पितळी किंवा तांब्याची थिंबल दाबयंत्राने बसवणे हाच टिकाऊ उपाय.

आता सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फ्यूज. अॅम्प्लिफायरमध्ये फ्यूज असतोच, मग वेगळा कशाला, असा प्रश्न वायरमनही विचारतो. अॅम्प्लिफायरचा फ्यूज अॅम्प्लिफायरसाठी आहे. बॅटरीपासून अॅम्प्लिफायरपर्यंतच्या पाच मीटर वायरला त्याचे संरक्षण मिळत नाही. ही वायर इंजिन आणि केबिन यांमधील पत्र्याच्या भोकातून जाते. त्या पत्र्याची कड हादऱ्यांनी वायरचे आवरण घासत राहते. एके दिवशी तांबे पत्र्याला टेकते. बॅटरी त्या क्षणी शेकडो अँपिअर प्रवाह सोडू शकते आणि वायरचे प्लास्टिक काही सेकंदांत पेट घेते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरातच असावा आणि त्याचे मूल्य वायरच्या क्षमतेनुसार ठरवावे. भोकात रबरी बुश बसवावा. या दोन वस्तूंना मिळून जो खर्च येतो, तो हदगावच्या बसस्थानकासमोर दोघांनी नाष्टा करण्याइतका आहे. गाडीला लागलेल्या आगीनंतर पंचनाम्यात ‘शॉर्टसर्किट’ हा एकच शब्द लिहिला जातो. त्यामागे बहुतेक वेळा हा न बसवलेला फ्यूज असतो, ही गोष्ट त्या शब्दातून कळत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजू आधी सोडावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. अॅम्प्लिफायरची अर्थिंग चेसिसला किंवा मजबूत पत्र्याला, रंग पूर्ण खरवडून, दातेरी वॉशर घालून करावी आणि वरून ग्रीस लावावे. काही नव्या गाड्यांमध्ये बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारा संवेदक असतो. अर्थिंगची वायर थेट त्या टोकाला जोडली, तर तो प्रवाह मोजणीतून निसटतो आणि गाडीचा संगणक गोंधळतो. इंजिनच्या वेगाबरोबर चढत जाणारी ‘सूंऽऽ’ अशी शीळ स्पीकरमधून येऊ लागली, तर बहुधा अर्थिंग सदोष असते किंवा गाण्याची नाजूक वायर आणि वीजवाहक वायर एकाच बाजूने नेलेली असते. दोन्ही वायरी गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्याव्यात.

नव्या गाड्यांत मूळ वायर तोडून जोड देण्यापेक्षा त्या मॉडेलसाठी मिळणारा तयार कपलर घ्यावा. तो थोडा महाग पडतो, पण वॉरंटीचा वाद टळतो.

स्पीकर कोठे बसवावा, हा जीपमधला खरा पेच आहे. मोटारीच्या दारात स्पीकरची जागा तयार असते. जुन्या जीपला धड दारच नसते. २०१० साली आलेल्या पहिल्या थारमध्ये कंपनीने गाण्याची यंत्रणा दिलीच नव्हती. १५ ऑगस्ट २०२० रोजी आलेल्या दुसऱ्या पिढीच्या थारमध्ये मात्र स्पीकर छताला बसवलेले मिळाले. या योजनेमागे शहाणपण आहे. उघड्या गाडीत गुडघ्याशी लावलेल्या स्पीकरचा आवाज वारा आणि इंजिनच्या घरघरीत बुडून जातो, तोच स्पीकर कानाजवळ आणला तर कमी शक्तीत ऐकू येतो. जुन्या जीपवाल्यांनी वरच्या नळीला घट्ट पट्ट्यांनी लहान पेटीचे स्पीकर बांधून हाच परिणाम साधावा. मात्र पेटी डोक्यावर आपटणार नाही अशी तिची जागा असावी. स्पीकरचा पडदा कागदाचा नको, पॉलिप्रॉपिलीनचा असावा, कारण आपल्याकडील श्रावणात कागद ओल धरतो. पेटीही एमडीएफची करू नये, पाण्यात टिकणाऱ्या प्लायची करावी. ताडपत्रीच्या छतातून खर्जाचा आवाज बाहेर निसटतो. त्यामुळे बंद मोटारीत घुमणारा मोठा वूफर जीपमध्ये निराशाच करतो. त्यावर पैसे घालू नयेत.

पत्र्याला भोक पाडण्यापूर्वी खाली वाकून पाहावे, हे सांगणे कोणाला बालिश वाटेल. परंतु जमिनीच्या पत्र्याखालून ब्रेकची आणि डिझेलची नळी गेलेली असते आणि काही जुन्या जीपमध्ये डिझेलची टाकी चालकाच्या आसनाखालीच असते.

उभ्या गाडीत गाणी वाजवण्याचा मोह शेतात, हुरड्याच्या वेळी किंवा मळणीच्या रात्री फार होतो. ६५ अँपिअर-तासांची बॅटरी असेल आणि यंत्रणा सरासरी दहा अँपिअर घेत असेल, तर चार तासांत चाळीस अँपिअर-तास निघून जातात. उरलेल्या शक्तीवर थंडीच्या पहाटे डिझेल इंजिन फिरेल याची खात्री नाही. कानाचाही हिशेब असाच आहे. ८५ डेसिबल आवाज आठ तास सहन होतो. त्यापुढे दर तीन डेसिबलला हा अवधी निम्मा होतो आणि १०० डेसिबलला तो फक्त पंधरा मिनिटे उरतो. हदगावहून नांदेड गाठायला तासाहून अधिक वेळ लागतो. गाण्याच्या आवाजात मागून येणाऱ्या उसाच्या ट्रकचा किंवा रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला नाही, तर नुकसान केवळ कानांचे होणार नाही. गाडीबाहेर आवाज फेकणाऱ्यांसाठी २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेतच. त्यांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी आहे.

बंपर : कायदा काय म्हणतो

आता बंपरकडे वळू. येथे तांत्रिक प्रश्नाच्या आधी कायद्याचा प्रश्न उभा राहतो आणि तो अनेकांना माहीत नसतो. वाहनाच्या पुढे लावलेले लोखंडी नळ्यांचे संरक्षक, ज्यांना आपण सरसकट ‘गार्ड’ म्हणतो, त्यांच्याविरुद्ध कारवाई करण्याचे निर्देश केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना दिले. त्याला आधार आहे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये, असे हे कलम सांगते. केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आले. त्यानुसार अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘सगळ्यांच्याच गाडीला आहे’ हा युक्तिवाद तपासणी नाक्यावर चालत नाही आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात तर मुळीच चालत नाही.

गार्ड वाईट का, याचे उत्तर पत्र्याच्या वागण्यात आहे. मूळ बंपर आणि त्यामागचा भाग धडकेत चुरगळावा अशा बेताने केलेला असतो. तो चुरगळतो म्हणून धक्का आतील माणसांपर्यंत सौम्य होऊन पोहोचतो. चेसिसला थेट आवळलेला जाड लोखंडी गार्ड चुरगळत नाही. तो धक्का जसाच्या तसा मागे पाठवतो. एअरबॅगला फुगण्यासाठी डोळ्याची पापणी लवण्याहूनही कमी वेळ मिळतो. पुढील संवेदकांना धक्का कसा आणि केव्हा जाणवणार, हे कंपनीने मूळ बंपर धरून ठरवलेले असते. त्यापुढे लोखंड आले, की ते गणित बदलते. वर पादचाऱ्याचा विचार वेगळाच. मूळ बंपरचा प्लास्टिकचा पृष्ठभाग वाकतो, नळीचा गार्ड वाकत नाही आणि तो नेमका माणसाच्या मांडीच्या, मुलाच्या छातीच्या उंचीवर असतो. बाजाराच्या दिवशी तामशाच्या रस्त्यावर किती मुले गाडीपुढून धावत जातात, हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगणे नको.

याला एक प्रामाणिक प्रतिवाद आहे आणि तो ऐकून घेतला पाहिजे. रात्री उमरखेड किंवा माहूरच्या बाजूने येताना रोही आणि रानडुकरे रस्त्यावर येतात, गार्ड नसेल तर रेडिएटर फुटून आम्ही रानात अडकू, असे शेतकरी म्हणतात. रानडुकराच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. रोह्याच्या बाबतीत मात्र नाही. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन दोनशे किलोंच्या पुढे असते आणि त्याचे धड उंच, पाय लांब असतात. गार्ड त्याच्या पायांना लागतो आणि धड बोनेटवरून काचेवर येते. तेथे गार्डचा उपयोग शून्य. त्यापेक्षा वेग ताशी ऐंशीवरून साठवर आणला, तर धडकेतील ऊर्जा जवळपास निम्मी होते आणि ब्रेक लागण्यास अवसर मिळतो. चिखलाने माखलेले दिवे पुसून निघणे हा गार्डपेक्षा चांगला बचाव आहे. त्याला खर्च नाही, म्हणूनच कदाचित त्याची प्रतिष्ठाही नाही.

चाळीस किलोंचा भार

वजनाचा मुद्दा सहसा कोणी मांडत नाही. पाच मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३९ किलो असते. स्थानिक कारखान्यात घडवलेला रुंद बंपर, त्याच्या पट्ट्या आणि वरची नळी धरून चाळीस किलोंवर सहज जातो. थारच्या पुढील आणि मागील आसांमधील अंतर २.४५ मीटर आहे. बंपर पुढील आसाच्या सुमारे सत्तर सेंटिमीटर पुढे लटकतो. तराजूच्या दांडीचा नियम लावला, तर पुढील चाकांवर पडणारा भार चाळीस नव्हे, एक्कावन्न किलोंनी वाढतो आणि मागील चाकांवरचा अकरा किलोंनी घटतो. स्प्रिंग खाली बसतात, दिव्यांचा झोत उतरतो आणि ओल्या चढणीवर मागील चाके लवकर घसरतात. शिवाय थारचा पुढील चढकोन सुमारे ४१ अंशांचा आहे. म्हणजे नाल्याच्या काठावर पुढचे चाक टेकण्यापूर्वी बंपर आपटणार नाही, अशी ती रचना आहे. जड, पुढे आलेला बंपर लावून हा कोन आपणच कमी करतो. ज्या गुणासाठी गाडी घेतली, तोच गुण पैसे देऊन घालवण्याचा हा प्रकार म्हटला पाहिजे.

मग हौस असणाऱ्याने करायचे काय? जुन्या जीपचा बंपर मुळातच सरळ लोखंडी चॅनलचा होता. तो कुजला असेल, तर त्याच मापाचा, त्याच जाडीचा आणि त्याच भोकांवर बसणारा नवा घडवणे ही दुरुस्ती ठरते, तो बदल नव्हे. नव्या गाडीसाठी कंपनीच्या अधिकृत साधनांच्या यादीबाहेर जाऊ नये आणि शंका असेल तर नांदेडच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारावे. पुढील नंबरप्लेट, दिवे आणि इंडिकेटर कशानेही झाकले जाता कामा नयेत.

चॅनल घडवताना लोखंड आयएस २०६२ प्रतीचे घ्यावे. चेसिसवर थेट वेल्डिंग करू नये. त्या उष्णतेने चेसिसचा पोत बदलतो आणि पुढे तेथेच तडा जातो. वेल्डिंग बाहेर करावे, गाडीवर फक्त बोल्ट आवळावेत. गाडीवरच टाका मारणे अटळ असेल, तर बॅटरी सोडावी आणि वेल्डिंगची अर्थिंग कामाच्या अगदी जवळ लावावी, म्हणजे प्रवाह गाडीच्या संगणकातून फिरणार नाही. नळी वापरली असेल, तर तिच्या तळाशी लहान भोके ठेवावीत. काळी माती एकदा आत शिरली, की महिनोन् महिने ओल धरून बसते आणि वरून चकाकणारी नळी आतून चाळण होते.

बोल्ट घेताना त्याच्या डोक्यावरील आकडे वाचावेत. हार्डवेअरच्या दुकानात वजनावर मिळणारा साधा बोल्ट बहुधा ४.६ प्रतीचा असतो किंवा त्यावर काहीच लिहिलेले नसते. गाडीला ८.८ प्रत लागते. बारा मिलिमीटरचा ४.६ प्रतीचा बोल्ट दोन टनांच्या ओढीला कायमचा ताणला जातो. त्याच जाडीचा ८.८ प्रतीचा बोल्ट साडेपाच टनांपर्यंत तग धरतो. आडव्या कातरीत या दोघांचीही ताकद सुमारे साठ टक्क्यांवर येते. दिसायला दोन्ही सारखेच, किमतीत फरक काही रुपयांचा.

चिखलातून ओढताना

हा फरक कोठे उघड होतो, तर गाडी रुतल्यावर. आपल्याकडे रुतलेली जीप काढण्याचा सर्वमान्य उपाय म्हणजे शेजारच्या शेतातून ट्रॅक्टर बोलावणे. साखळी किंवा दोर येतो आणि समोर दिसणाऱ्या बंपरला तो बांधला जातो. चाके पूर्ण रुतलेली असली, तर गाडी हलवायला तिच्या वजनाइतकी ओढ लागते. चिखल मडगार्डपर्यंत आला असेल, तर ती दुपटीवर जाऊ शकते. थार सुमारे पावणेदोन टनांची आहे, म्हणजे ही ओढ साडेतीन टनांची झाली. त्यात ट्रॅक्टरवाल्याने झटका दिला, तर ती क्षणभर आणखी कितीतरी वाढते. त्या क्षणी ४.६ प्रतीचे बोल्ट तुटतात आणि चाळीस किलोंचा बंपर दोराच्या टोकाला बांधलेल्या धोंड्यासारखा ट्रॅक्टरच्या दिशेने सुटतो. ट्रॅक्टरवर माणूस बसलेला असतो आणि त्याची पाठ गाडीकडे असते.

म्हणून दोर नेहमी कंपनीने चेसिसला दिलेल्या ओढण्याच्या हुकाला बांधावा. हूक कोठे आहे, हे कोरड्या दिवसांतच पाहून ठेवावे, कारण चिखलात तो सापडत नाही. साखळीपेक्षा रुंद पट्टा बरा. ओढण्यापूर्वी चाकांपुढील माती फावड्याने मोकळी करावी आणि चाकांखाली पऱ्हाट्या किंवा तुराट्या दाबाव्यात. त्याने लागणारी ओढ पुष्कळ कमी होते. टायरमधील हवा थोडी उतरवली, तर चाक पसरून माती धरते. डांबरीवर परतण्यापूर्वी ती पुन्हा भरावी. दोराच्या मध्यावर ओले पोते टाकावे, म्हणजे तुटलाच तर तो उसळण्याऐवजी खाली पडतो. ट्रॅक्टरने झटका न देता, पहिल्या गिअरमध्ये हळूहळू ताण द्यावा. आणि गाडी निघताना पाहण्यासाठी जमलेल्या पोरांना दोराच्या लांबीच्या दीडपट तरी मागे, बांधापलीकडे उभे करावे.